वाटाण्याचा अंकुर आणि घरचे सोने

१९१२ सालची गोष्ट. दादरच्या एका घरात कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला गेला आणि समोर कॅमेरा मांडला गेला. रोज थोडे थोडे चित्रण होत राहिले. कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढला. कित्येक दिवसांची ही वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली, तेव्हा पैसा पुरवू शकणाऱ्या मंडळींचा या नव्या धंद्यावर थोडाफार विश्वास बसला.

कॅमेऱ्यामागचे गृहस्थ होते धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांना आपण सारेच ओळखतो. पण भांडवलासाठी वणवण करणारा नवा उद्योजक म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर निराळीच कथा दिसते.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. आम्हा देवळाली कॅम्पकरांना नाशिक ओलांडले की त्र्यंबकचा रस्ता लागतो. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी आणि मग छापखाना असा त्यांचा प्रवास. छपाईची यंत्रे आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पुढे भागीदारांशी पटेना, म्हणून चालता छापखाना सोडून बाहेर पडले. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचे, या ध्यासाने त्यांना झपाटले. तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती.

योगायोग असा, की त्याच १९११ साली शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाने उद्योजकावरचा आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मते, असलेल्या साधनांची नवी जुळणी करून दाखवतो तो उद्योजक; पैशाची जोखीम मात्र भांडवल पुरवणाऱ्याची. फाळक्यांच्या घरी ही विभागणी उरलीच नाही. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले. पाठोपाठ सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

बँकेत असताना देवळाली कॅम्पमधल्या छोट्या धंद्यांचे कर्जअर्ज माझ्या टेबलावर येत. बेकरी, छपाई, फोटो स्टुडिओ. अर्जात तारणाचा रकाना असे, जामीनदाराचा असे. घरच्या बाईच्या कष्टांचा नसे. सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडायला शिकल्या, रसायने कालवायला शिकल्या आणि चित्रणासाठी जमलेल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत होत्या. आजच्या भाषेत त्या कंपनीच्या भागीदारच होत्या. फक्त कागदावर कुठे नोंद नव्हती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. मग फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवले. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणा झाली. पण नाशिकची माणसे सोडून ते राहिले नाहीत. परतले तोवर महायुद्ध पेटले होते आणि पैसेवाल्यांनी हात आखडले होते. कारखाना तयार, कारागीर तयार, चित्रपट लोकप्रिय, पण खेळते भांडवल नाही! वाढत्या धंद्याचा गळा नेमका इथे आवळला जातो. १९१७ च्या ‘लंकादहन’ने तुफान गर्दी खेचली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

त्या यशाच्या जोरावर १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैसा आला, त्याबरोबर हिशेबही आला. भागीदारांना खर्चाला लगाम हवा होता, दादासाहेबांना मनाजोगते चित्र हवे होते. दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. दोघांना सांधणारा माणूस मात्र नव्हता. अखेर दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले. इकडे त्यांच्यावाचून कंपनीचे अडू लागले, तेव्हा १९२२ मध्ये ते परतले. पण मालकीचा पहिला जोम परतला नाही.

१९५९ मध्ये एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी उद्योगांच्या वाढीवर पुस्तक लिहिले. उद्योगाच्या वाढीचा वेग तो चालवणाऱ्या माणसांच्या कुवतीवर आणि जुळलेल्या अनुभवावर ठरतो, असा त्याचा एक मुख्य मुद्दा. नाशिकच्या कंपनीने तो चाळीस वर्षे आधी अनुभवला होता. दिग्दर्शन, कॅमेरा, रसायनशाळा, नटांची तालीम, सारे एकाच माणसाच्या हाती. हाताखाली माणसे घडली, पण कारभार वाटून घेणारी दुसरी फळी उभी राहिली नाही. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा दादासाहेबांचा एकमेव बोलपट शेवटचाच ठरला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते गेले. अखेरची वर्षे ओढगस्तीची होती. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. कोट्यवधींच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्याच्या पदरी हे का यावे, या प्रश्नाला नशीब हे उत्तर पुरत नाही.

आज घरोघरी एखादा मुलगा, एखादी मुलगी नोकरी नाकारून धंदा मांडू पाहते. त्यांना जरूर साथ द्यावी. मात्र घरचे सोने बाहेर काढण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. धंदा चालला तर हिशेब कोण पाहणार? आणि जिचे सोने जाते आहे, तिचे नाव कागदावर कुठे आहे?