विटेनबर्गची गृहमाता

मार्टिन ल्यूथर यांचे नाव आमच्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी कॅथरिनाबाई यांजविषयी मात्र आम्ही क्वचितच बोलतो. त्यांचा जन्म १४९९ साली जर्मनीत झाला. बालपणीच त्यांस मठात ठेविले होते. १५२३ साली ईस्टरच्या सुमारास त्या इतर मठवासिनींबरोबर तेथून निसटल्या, व १५२५ च्या जूनात त्यांचा विवाह झाला.

ल्यूथर विटेनबर्ग विद्यापीठात शिकवीत व जुन्या मठात राहत. तेथे बाईंनी स्वतःची सहा मुले, नात्यांतील पोरकी लेकरे व दूरदूरचे विद्यार्थी यांचा एकच संसार मांडिला. शेत, गुरे, डुकरे, सर्व त्यांच्याच हाती. बीअरही त्या घरीच करीत, कारण तो त्या देशाचा रोजचा पेय होता. जेवतांना विद्यार्थी ल्यूथरांचे बोल टिपून घेत. वाढणारीचे श्रम कितीकांनी टिपिले असतील? १५२७ साली मरी आली व विद्यापीठ येना येथे गेले, तेव्हा गरोदर असताही बाई हलल्या नाहीत. रोग्यांस त्यांनी घरातच ठेवून घेतले.

१५४६ साली ल्यूथर वारले. युद्धात शेतीवाडीची नासाडी झाली, तरी बाईंनी पुनः विद्यार्थी ठेवून चरितार्थ चालविला. १५५२ साली मरीमुळे विद्यापीठ टोर्गाउ येथे हलले. मुलांसह तिकडे जातांना घोडे बुजले, बाई गाडीवरून पडल्या, आणि २० डिसेंबर रोजी प्रभूच्या ठायी झोपी गेल्या. विद्यापीठाने आपल्या सर्व लोकांस त्यांच्या प्रेतयात्रेस बोलाविले, व त्या परक्या गावच्या उपासनामंदिरात त्यांस पुरिले.