पहिल्या शिक्षिकेची अखेरची शुश्रूषा

३ जानेवारीला भोर-वेल्ह्यातून नायगावला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सारोळ्यापुढे नीरेवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, शिरवळ लागते, आणि तिथून आत वळले की थोड्या अंतरावर नायगाव. सावित्रीमाईंचे माहेर असे आपल्या तालुक्याच्या उंबऱ्याशी आहे. जयंतीला भाषणे होतात ती शाळेवर. भिडेवाडा, अंगावर पडलेले शेण, पहिली शिक्षिका. १० मार्चला, म्हणजे स्मृतिदिनी, एवढी गर्दी नसते आणि त्या कशाने गेल्या हे एका वाक्यात उरकले जाते. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या मुली आज एएनएम, जीएनएम शिकतात, आशाताई म्हणून डोंगरातल्या वाड्या पायी चालतात. त्यांच्यासाठी तरी हे एक वाक्य उलगडून सांगायला हवे असे आम्हाला वाटते.

सावित्रीमाईंचा जन्म १८३१ चा, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी. १८४० मध्ये नवव्या वर्षी जोतीरावांशी लग्न झाले. पुढची शाळांची हकिकत सर्वांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. दुसऱ्यांची सेवा करण्याआधी या बाईंनी स्वतः आजारपण भोगले होते. १८५६ मध्ये त्या बऱ्याच आजारी पडल्या आणि नायगावला माहेरी येऊन राहिल्या. तिथून ऑक्टोबरात जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की भावाने आपली खूप सेवा केली आणि आता प्रकृती सुधारली. हाच भाऊ महार-मांगांना शिकवण्यावरून त्यांना बोल लावत होता, हेही त्याच पत्रात आहे. उशाशी बसून पथ्यपाणी करणारा माणूस अस्पृश्यांच्या पोरांना शिकवू नकोस म्हणतो, आणि आजारातून उठलेली बहीण त्याला तिथल्या तिथे उत्तर देते. आपल्या माणसाची सेवा सगळेच करतात. आपले कोण, यावरच भांडण होते.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय होती. याकडे आपण सामाजिक क्रांती म्हणून बघतो आणि ते खरेच आहे, पण रोजचे काम काय होते ते डोळ्यांपुढे आणा. भेदरलेली बाळंतीण, रक्त, ताप, रात्री रडणारे तान्हे, धुवायचे कपडे. सावित्रीमाईंचे हात या सगळ्यात होते. १८७४ मध्ये आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

१८७७ च्या दुष्काळात त्यांनी ओतूर भागात काम केले. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार चालू होते. पण पक्षाघाताच्या रुग्णाला डॉक्टर थोडा वेळ बघतो, उरलेला दिवस आणि पूर्ण रात्र घरच्या माणसाची असते. कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, घास गिळला जातोय का बघायचे, चिडचिड सोसायची. हे ज्यांनी घरी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. या काळात जोतीरावांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून काढले. त्या पुस्तकाचे मोठेपण सांगताना ते लिहिणाऱ्याला उठवून बसवणारे हात आपण विसरतो. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीमाईंनी स्वतः धरले.

आणि मग गाठीचा ताप. १८९६ मध्ये तो मुंबईत आला आणि वर्ष संपेपर्यंत पुण्याला पोहोचला. एकदम भरून येणारा ताप, लाल डोळे, बडबड, झोकांड्या, आणि जांघेत, काखेत किंवा मानेला उठणारी दुखरी गाठ. निदानाची खूण तीच. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. हाफकिन यांनी मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये लस स्वतःला टोचून पाहिली होती, पण पुण्याच्या वस्त्यांत ती पोहोचायची होती. रोग मारणारे औषध तर पुढची पन्नास वर्षे नव्हते. गाठ उठलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दगावत. अशा वेळी पाणी पाजणे, अंग पुसणे, स्वच्छ अंथरूण, पेज, आणि एकटे न टाकणे, हाच उपचार होता. शुश्रूषा हेच औषध होते. म्हणूनच ती कोणाला मिळते याला जीवन-मरणाची किंमत होती. महारवाड्यातल्या रुग्णाला आधी हात लावणाराच सापडला पाहिजे!

सावित्रीमाईंनी लष्करी नोकरीतल्या यशवंताला बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर, हडपसरला ससाण्यांच्या मोकळ्या मळ्यात दवाखाना सुरू झाला. ससाणे म्हणजे यशवंताची सासुरवाडी. (रँडच्या सोल्जरांच्या घरझडत्या मार्चच्या मध्यापासून सुरू झाल्या, म्हणजे सावित्रीमाई गेल्यावर. दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगितल्या जातात म्हणून हा खुलासा.) मुलगा तपासायचा, आई रुग्ण शोधून आणायची. वय सहासष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरातले एक पोर आजारी असल्याचे कळले तेव्हा त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुंढवा ते हडपसर ही वाट आज दुचाकीवर पटकन संपते. तापाने फणफणलेले पोर पाठीवर असताना ती केवढी असेल, हे वेल्ह्याच्या वाडीतून रुग्णाला झोळीत घालून खाली आणणाऱ्यांनी सांगावे.

त्या बौद्ध नव्हत्या, सत्यशोधक होत्या. बाबासाहेबांनी जोतीरावांना आपल्या तीन गुरूंत बुद्ध आणि कबीरांबरोबर मानले, हे नाते आपल्याला माहीत आहे. पण आम्हाला इथे आठवतो तो विनयपिटकातला प्रसंग. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला होता. तो कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून बजावले की ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. तिथेच चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. औषध तयार करता यावे, रुग्णाला काय मानवते आणि काय बाधते ते कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती उचलायची किळस नसावी, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याला धीर द्यावा. चौथे लक्षण आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावे. घाण उचलणे हे जातीने लादलेले काम होते. त्याच कामाला बुद्धांनी गुण म्हटले आणि ते स्वतः केले. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला घाणीचे काम म्हणून नावे ठेवणारे आपल्याही घरांत आहेत.

पोराला आणताना किंवा दवाखान्यातल्या सेवेत सावित्रीमाईंना प्लेगची बाधा झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्या गेल्या. यशवंत १९०५ मध्ये गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी चंद्रभागा यांचे फार हाल झाले. फुल्यांचे घर विकावे लागले, आणि त्यांचा अखेरचा काळ पुण्यात हलाखीत गेला.