खुन्यांचा वकील : क्लॅरेन्स डॅरो

मूलभूत हक्कांचा पाठ सुरू झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा मागच्या बाकावरून येतो. ज्याने खून केला त्याला वकील कशासाठी द्यायचा? आमच्या शाळेत हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. अत्याचाराच्या बातम्या ज्या वस्त्यांतून येतात तिथलीच ही मुले. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा काळा कोट त्यांना शत्रूचाच वाटतो. अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे, आणि ती तरतूद सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेपुढे स्वतः बाबासाहेबांनी मांडली, हे सांगितले की मुले गप्प होतात. पण गप्प होणे म्हणजे पटणे नव्हे, हे शिक्षकाला कळते. म्हणून गेली अनेक वर्षे आम्ही त्यांना क्लॅरेन्स डॅरो या अमेरिकन वकिलाचे चरित्र सांगत आलो आहोत.

डॅरोचा जन्म १८ एप्रिल १८५७ चा, ओहायो राज्यातील किन्समन या खेड्यातला. वडील लाकडी सामान बनवीत आणि शवपेट्याही पुरवीत. पण घरात पैशापेक्षा पुस्तके अधिक. घराणे गुलामगिरीच्या कट्टर विरोधातले होते. कायद्याचे जेमतेम एक वर्ष विद्यापीठात काढून त्याने पुढील अभ्यास वकिलाच्या कचेरीत केला आणि १८७८ साली सनद घेतली. पुढे शिकागोत तो एका रेल्वे कंपनीचा पगारी वकील झाला. १८९४ च्या पुलमन संपात कामगारांचे नेते युजीन डेब्ज यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा डॅरोने कंपनीची नोकरी सोडली आणि तो डेब्ज यांच्या बाजूने उभा राहिला. त्याच वर्षी शिकागोच्या महापौराचा खून करणाऱ्या एका मनोरुग्णाला फाशीतून वाचविण्याची त्याने धडपड केली, ती फसली. फाशीच्या शिक्षेचा त्याचा विरोध अखेरपर्यंत टिकला.

पुढची तीस वर्षे वादळी होती. १९०७ साली आयडाहोच्या माजी गव्हर्नराच्या खुनाच्या आरोपातून त्याने कामगार नेते बिल हेवूड यांची सुटका केली. लॉस एंजेलिस टाइम्सच्या इमारतीतील बॉम्बस्फोटाच्या खटल्यात मात्र त्याने १९११ मध्ये मॅकनमारा बंधूंना गुन्हा कबूल करावयास लावले. त्यांचे प्राण वाचले, पण त्यांना निरपराध मानणारे कामगार डॅरोवर कायमचे रुसले. शिवाय त्याच खटल्यात ज्युरीला लाच देऊ केल्याचा आरोप खुद्द त्याच्यावर आला. एका खटल्यात तो सुटला, दुसऱ्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. त्याला संत ठरविण्याची आम्हांस मुळीच घाई नाही.

१९२४ साली लिओपोल्ड आणि लोब या दोन धनाढ्य घरांतील तरुणांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचा केवळ करून पाहावे म्हणून खून केला. सारे शिकागो त्यांच्या फाशीची वाट पाहत होते. डॅरोने त्यांना निर्दोष म्हटलेच नाही. गुन्हा कबूल केला आणि एकट्या न्यायाधीशापुढे फक्त त्यांच्या प्राणांसाठी युक्तिवाद केला. दोघांना जन्मठेप झाली. इथपर्यंत ऐकून आमची मुले अस्वस्थ होतात. श्रीमंतांच्या मुलांसाठी एवढी कणव कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. त्यानंतर आम्ही त्यांना डेट्रॉइटला नेतो.

डॉ. ऑसियन स्वीट हे कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत, गार्लंड ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १८,५०० डॉलरला घर घेतले. ते येणार हे कळताच शेजाऱ्यांनी त्यांना हाकलण्यासाठी संघटना उभारली. ८ सप्टेंबर १९२५ रोजी स्वीट कुटुंब राहावयास आले. सोबत भाऊ, मित्र आणि बंदुकाही होत्या. दुसऱ्या रात्री घरासमोर जमाव जमला, दगडांचा वर्षाव झाला, पोलीस पाहत उभे राहिले. घरातून गोळ्या सुटल्या आणि समोरच्या बाजूचा लिऑन ब्रायनर हा गोरा माणूस ठार झाला. पत्नी ग्लॅडिससह घरातील अकराही जणांवर खुनाचा खटला उभा राहिला. विलायतेहून शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या वाट्याला १९१७ साली बडोद्यात जागेपायी काय आले, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घराविषयी अधिक सांगावयास नको.

कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने डॅरोला गाठले. तो तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. न्यायाधीश फ्रँक मर्फी. ज्युरीतील बाराही पुरुष गोरे. बाहेर जमाव नव्हताच, असे फिर्यादी पक्षाचे साक्षीदार एकामागून एक सांगत गेले. डॅरोने उलटतपासणीत त्यांच्या बेरजा चुकवून दाखविल्या. मग डॉ. स्वीट स्वतः साक्षीला उभे राहिले. सरकारी वकिलांची हरकत होती, तरी मर्फी यांनी त्यांना त्या रात्रीची भीती मुळापासून सांगू दिली : फ्लोरिडातील बालपणी पाहिलेली जमावाची क्रूर हत्या आणि १९२१ मध्ये टल्सा येथे मारले गेलेले कृष्णवर्णीय डॉक्टर. खिडकीतून जमाव पाहणाऱ्या माणसाला फक्त समोरचे लोक दिसत नाहीत, आपल्या लोकांचा सारा इतिहास दिसतो, हे न्यायालयाला ऐकावे लागले. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस या खटल्यातील हाच भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो. आमचा विषय पुराव्यात दाखल झाला, असे आम्ही वर्गात थोड्या अभिमानाने म्हणतो.

४६ तासांच्या विचारानंतरही ज्युरीचे एकमत होईना. पुढे १९२६ मध्ये, गोळी झाडल्याचे मान्य करणाऱ्या धाकट्या हेन्री स्वीटवर स्वतंत्र खटला चालला. डॅरो सुमारे सात तास बोलला. आरोपी गोरे आणि मेलेला काळा असता तर हा खटलाच उभा राहिला नसता, असे त्याने ज्युरीला तोंडावर सुनावले. आपापले मन तपासून पाहण्यास सांगितले. १३ मे रोजी हेन्री निर्दोष सुटला. इतरांवरील आरोपही कालांतराने मागे घेण्यात आले. ग्लॅडिस मात्र क्षयाने गेली. तिच्याआधी तान्ही मुलगी गेली. १९६० साली डॉ. स्वीट यांनी स्वतःला गोळी घालून घेतली.

गोष्ट इथे थांबवावी, असा मोह आम्हांस पूर्वी होत असे. पण १९३२ सालही सांगावे लागते. बाजार कोसळून डॅरोची पुंजी बुडाली होती. पंचाहत्तरीत त्याने मोठी फी घेऊन हवाई बेटांवरचा खटला स्वीकारला. एका गोऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीवर अत्याचार केल्याचा आरोप जोसेफ काहाहावाई या हवाईयन तरुणावर होता. ज्युरीचे एकमत न झाल्याने तो सिद्ध झालेला नव्हता. तो अधिकारी, त्याची सासू आणि दोन खलाशी यांनी काहाहावाईला पळवून नेले आणि तो गोळीने मारला गेला. मारणाऱ्यांच्या बाजूने डॅरो उभा राहिला. ज्युरीने तरीही चौघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. गव्हर्नरने ती एका तासावर आणली.

हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचा आमचा विद्यार्थी एकदा म्हणाला की मग स्वीटचा वकील खोटा होता. आम्ही त्याला एवढेच विचारले की त्या चौघांना वकीलच मिळाला नसता, तर मग हेन्रीला कोणत्या तोंडाने मागितला असता? तो बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने विचारले की काहाहावाईला वकील द्यायला तो एक तास पुरला असता का. याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आजही नाही.

१३ मार्च १९३८ रोजी डॅरो शिकागोत वारला. त्याची रक्षा तेथील जॅक्सन पार्कच्या पुलावरून पाण्यात सोडण्यात आली. गार्लंड ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचे ते विटांचे घर अजून उभे आहे.