बटाट्याचा श्वास

मुलांनो, सोयाबीनची सुडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्या कामरगावच्या शिवारात दिवाळीच्या आधी जिकडे तिकडे सुड्या दिसतात. अवेळी पाऊस आला आणि सुडी भिजली, की दोन-तीन दिवसांनी तिच्यात हात घालून बघा. आत ऊब लागते. कधी कधी तर हात पटकन बाहेर काढावा लागतो. बाहेर गार हवा, वर ओली ताडपत्री आणि आत मात्र उष्णता! कोणी विस्तव ठेवला नाही, काडी ओढली नाही. मग ही उष्णता आली कुठून?

दाण्याला ओल लागली की त्याला जाग येते. तो जोराने श्वास घेऊ लागतो. त्याच्यावर वाढणारी बुरशीही श्वास घेते. दाण्यात साठवलेले अन्न हळूहळू खर्च होते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. सुडीतली ऊब ती हीच.

एकदा वर्गात हे सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की, घरात पोत्यात पडून असलेला बटाटाही श्वास घेतो का? सगळा वर्ग हसला. ती बिचारी खाली बसली. पण मुलांनो, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. याच प्रश्नावर काम करून एका मराठी मुलीने केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली होती. तिचे नाव कमला भागवत. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. त्यांची गोष्ट आज तुम्ही वाचणार आहात.

कमलाताईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. बंगळूरची विज्ञान संस्था जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिली होती. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. त्यामुळे घरात विज्ञानाची गोडी होती आणि मुलींना शिकवावे की नाही, हा वाद नव्हता. कमलाताईंची थोरली बहीण म्हणजे प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत. एकाच घरातली एक बहीण लोककथांमागे गेली आणि दुसरी रसायनांमागे.

1933 साली कमलाताई मुंबई विद्यापीठाची बी.एससी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. आता त्यांनाही वडिलांप्रमाणे बंगळूरला जाऊन संशोधन करायचे होते. त्यांनी अर्ज केला. गुण भरपूर होते, त्यामुळे प्रवेश मिळणार याची खात्री होती. पण अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात आदराने वाचता आणि तो आदर योग्यच आहे. पण मुली संशोधन करू शकत नाहीत, असे त्यांचे मत होते. मोठा शास्त्रज्ञ प्रत्येक गोष्टीत बरोबर असतोच असे नाही.

कमलाताई बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. गुण चांगले असताना प्रवेश का नाही, याचे कारण त्यांनी विचारले. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. कमलाताईंनीही संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह केला. शेवटी रामन यांना प्रवेश द्यावा लागला, पण त्यांनी तो अटींवर दिला. पहिले वर्ष उमेदवारीचे राहील. काम चांगले आहे अशी संचालकांची खात्री पटेपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नाही. शिवाय, मुलगी आहे म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. मुलांचे लक्ष विचलित झाले तर त्यात मुलीचा काय दोष, हे मात्र कोणी विचारले नाही.

कमलाताईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान त्या पुढे कधी विसरल्या नाहीत, पण प्रयोगशाळेचे दार उघडले होते आणि ते त्यांना सोडायचे नव्हते. त्यांना एम. श्रीनिवासय्या हे चांगले पण कडक शिस्तीचे गुरू मिळाले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 साली कमलाताई एम.एससी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या.

केंब्रिजमध्ये तरी मुलींना सगळे हक्क होते असे समजू नका. तिथे मुली शिकत, परीक्षा देत, पण विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व त्यांना 1948 पर्यंत मिळाले नव्हते. तरी प्रयोगशाळेत काम करायला अडचण नव्हती. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी 1929 चे नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्या विभागात कमलाताईंनी आधी डॉ. डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. नंतर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या श्वसनावर काम करू लागल्या. त्यासाठी निवडला होता बटाटा.

आता थोडे थांबू या. त्यांनी काय शोधले हे कळायला श्वसन म्हणजे काय, ते नीट समजले पाहिजे. श्वास म्हणजे नाकाने हवा घेणे आणि सोडणे, असे आपण समजतो. ती फक्त सुरुवात आहे. खरे श्वसन पेशीच्या आत चालते. पेशी म्हणजे तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकातली खलिया. तुम्ही सकाळी भाकरी खाता. पोटात तिची साखर होते, रक्तातून ती पेशीपर्यंत पोहोचते. हवेतला ऑक्सिजनही तिथेच जातो. साखर आणि ऑक्सिजन यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, आणि ऊर्जा, म्हणजे तवानाई, मिळते. चुलीत लाकूड जळते तेव्हाही जवळजवळ हेच घडते.

पण चुलीसारखा भडका पेशीत उडाला तर पेशी जळून जाईल. म्हणून तिथे साखर एकदम जळत नाही. काम टप्प्याटप्प्याने होते. घराचा स्लॅब टाकताना तुम्ही पाहिले असेल. मजूर ओळीने उभे राहतात आणि मालाने भरलेले घमेले एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या हातात जाते. पेशीतही अशीच एक ओळ असते. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन या ओळीतून हातोहात पुढे जातात. ओळीच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना थोडी थोडी ऊर्जा सुटते. ती एटीपी नावाच्या पदार्थात साठवली जाते आणि स्नायू हलवायला, नवे पदार्थ तयार करायला, मुळाला पाणी ओढायला वापरली जाते. शेवटी ऑक्सिजन नसेल तर घमेले घ्यायला कोणी नाही. मग सगळी ओळच थांबते. नाक दाबून धरले तर माणूस का तडफडतो, ते आता तुमच्या लक्षात येईल.

या ओळीतल्या एका मजुराचे नाव आहे सायटोक्रोम सी. हे एक लहानसे प्रथिन आहे. त्याच्या मध्यभागी लोहाचा, म्हणजे लोखंडाचा, एक अणू असतो. तोच जणू त्याचा हात. तो एक इलेक्ट्रॉन घेतो, पुढच्याला देतो आणि रिकामा होऊन परत येतो. या द्रव्याला लालसर रंग असतो आणि इलेक्ट्रॉन घेतला की रंगात किंचित फरक पडतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी 1925 साली या रंगावरून सायटोक्रोम ओळखले होते. प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये ते चांगले दिसत होते. पण उभ्या जागी वाढणाऱ्या, हात-पाय न हलवणाऱ्या वनस्पतीच्या पेशीत श्वसनाचे काम कसे चालते, हे नीट उलगडले नव्हते. हिरव्या पानात तर हरितद्रव्याचा रंग इतका दाट असतो की त्यापुढे बाकीचे रंग झाकले जातात. बटाट्यात ती अडचण नाही.

कमलाताईंना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडले. ते तिथे श्वसनाचेच काम करते, हेही त्यांनी दाखवले. माणसाच्या हृदयात जो मजूर घमेले उचलतो, तोच अंधाऱ्या पोत्यातल्या बटाट्यातही उचलतो. वनस्पतींच्या सगळ्या पेशींत हे द्रव्य असते, असा निष्कर्ष त्यांच्या कामातून निघाला. त्यांचा प्रबंध होता अवघा 40 पानांचा. मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे अकरावीला सायन्स घेतले तर जीवशास्त्रातल्या श्वसनाच्या धड्यात सायटोक्रोम सी हे नाव तुम्हांला भेटेल. दहावीनंतर तुम्ही पुढे काय शिकायचे, ही बोलणी तुमच्यातल्या काही मुलींच्या घरी आतापासूनच सुरू झाली असतील, हे मला ठाऊक आहे.

त्याच वर्षी कमलाताई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरी डोंगरातल्या कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईत त्यांनी जे विषय घेतले ते गरिबांच्या ताटातले होते. कडधान्ये आपण शिजवून का खातो? चवीसाठी, असे तुम्ही म्हणाल. पण कच्च्या कडधान्यांत अशी प्रथिने असतात की ती पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला काम करू देत नाहीत. शिजवले की त्यांचा जोर जातो. भारतीय अन्नधान्यांतल्या या द्रव्यांवर कमलाताई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. आपल्या सोयाबीनमध्येही हे द्रव्य बरेच असते. म्हणून सोयाबीन कच्चे खाऊ नये.

दुसरा विषय नीरा. नाव ऐकून नाक मुरडू नका. नीरा म्हणजे ताडी नव्हे. ताड किंवा शिंदीच्या झाडाचा ताजा, गोड रस म्हणजे नीरा. तिच्यात नशा नसते. ती तशीच उन्हात ठेवली तर यीस्टच्या पेशी तिच्यातली साखर खाऊ लागतात. ऑक्सिजन पुरेसा नसला तर यीस्टची ती मजुरांची ओळ थांबते. मग ते दुसऱ्या वाटेने थोडीशीच ऊर्जा मिळवतात आणि साखरेचा मद्यार्क करून टाकतात. तेव्हा ती ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाताईंनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ताज्या नीरेचा उपयोग होतो, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले.

पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या, पण तो मान त्यांना बराच उशिरा मिळाला. केंब्रिजची पदवी असली तरी स्त्रीला वाट पाहावी लागत होती. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या हक्कांसाठी 1966 साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेत त्या काम करू लागल्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे त्या सोप्या भाषेत लोकांना सांगत. त्याविषयी त्यांनी लेखही लिहिले. 1982 साली त्या या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ते साल होते 1998. त्याच वर्षी जुलै महिन्यात अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला.