गायरान, तुरुंग आणि पक्ष : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. जालना जिल्ह्यात गायरानाचा विषय निघाला की आम्हाला पहिल्यांदा दादासाहेबच आठवतात. निवडणूक आली की तर जास्तच, कारण कोणता पक्ष आपला, या प्रश्नाला ते आयुष्यभर तोंड देत राहिले.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते नाशिकमध्ये बाबासाहेबांचे उजवे हात होते. पण त्यांचे मोठे काम भूमिहीनांचे. १९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला, त्याचे नेतृत्व दादासाहेबांकडे होते. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. निजाम गेला, काँग्रेसचे सरकार आले, तरी गायरान कसणाऱ्याच्या हाती पट्टा आला नव्हता.

१९५७ मध्ये ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोनच वर्षांत बी. सी. कांबळे वेगळे झाले. कम्युनिस्टांबरोबर जमिनीचा लढा लढवावा का, हाही त्या भांडणातला एक मुद्दा होता. दादासाहेबांना भाकरीचा प्रश्न आधी दिसत होता आणि आमच्या मते त्यांचेच बरोबर होते.

६ डिसेंबर १९६४ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली, बायाबापड्या लेकरांसह गेल्या. कसणाऱ्याला जमीन, बौद्धांना सवलती आणि संसदेत बाबासाहेबांची प्रतिमा या मागण्या लालबहादूर शास्त्रींच्या सरकारपुढे होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. ते डेमोक्रॅट, आणि कायदा अडवून धरणारे दक्षिणेतले खासदारही बहुतेक डेमोक्रॅटच! तिकडेही काळ्या माणसांनी रस्ता धरला, तेव्हा पक्ष हलला.

पुढे १९६७ मध्ये दादासाहेबांनी त्याच काँग्रेसशी युती केली. ही युती आम्हाला आजही पटत नाही. बॅरिस्टर खोब्रागडेंसारखे सहकारी त्यातून दुरावले. पण तुरुंगातून आलेल्या माणसांना सातबारा मिळवून देण्याची घाई त्यांना होती, हे विसरून त्यांना विकले गेलेले म्हणणे अन्यायाचे आहे.

बौद्धांना राज्यातल्या सवलती १९६० मध्ये काँग्रेसच्या काळात मिळाल्या, केंद्रातल्या १९९० मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या. दादासाहेब १९७१ लाच गेले. गायरानावरील दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. अंबड, घनसावंगी, मंठा भागात ज्यांच्या फाइली अजून अडून आहेत, त्यांनी गाव नमुना १-ई चा उतारा आणि दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात.