नवेगावबांधचे कोलू पाटील आणि तलावातला झिंगा

गावतलावात झिंगा सोडायचा विचार करत असाल, तर आधी कोलू पाटील कोहळी यांची ओळख करून घ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नवेगावचा बांध घातला. हे गाव १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते, आता गोंदियात आहे.

कोहळी म्हणजे ऊस आणि धानाच्या ओलितासाठी तलाव बांधणारा समाज. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले, असे परंपरा सांगते. कोलू पाटलांनी डोंगरांमधले पाणी मातीच्या पारीने अडवले आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव झाला. भोवतीच्या सात शिखरांनी, म्हणजे सात बहिणींनी, त्यांना मदत केली अशी कथा आहे. मृत्यूनंतर लोकांनी त्यांना कोलासूर देव मानले. त्यांचे ठाणे तिथल्याच एका शिखरावर आहे.

अशा जुन्या तलावांचा काठ हळूहळू उतरत जातो. त्या उथळ पाण्यात पाणवनस्पती रुजतात. कात टाकलेला झिंगा मऊ असतो, दुसरे झिंगेच त्याला खातात. तो या वनस्पतींत लपतो, पानांवरचे शेवाळ आणि बारीक किडे खातो. म्हणून खोलीकरणात जेसीबीने काठ उभा कापू नका (तसा सल्ला मीही एकेकाळी दिला आहे). वनस्पतींनी सगळे पाणी व्यापू देऊ नका. रात्री त्याही प्राणवायू वापरतात आणि पहाटे झिंगे गुदमरून काठाला येतात. जलकुंभी आणि बेशरम मात्र मुळासकट काढा, पावसाआधीच.