शवपेटी उघडी ठेवणारी आई

मॅमी टिल यांचा जन्म १९२१ सालचा, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातला. दक्षिणेतल्या वर्णद्वेषाला विटून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे गेली, त्यांतलेच हे एक. वडिलांना शिकागोजवळ कारखान्यात काम मिळाले. मुलगी शिकली, नोकरीला लागली. एमेट हा तिचा एकुलता एक मुलगा.

ऑगस्ट १९५५ मध्ये चौदा वर्षांचा एमेट सुट्टीत मिसिसिपीतील नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढल्याचा ठपका ठेवून २८ ऑगस्टच्या रात्री दोघा गोऱ्यांनी त्याला घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी नदीत प्रेत सापडले. गळ्यात जिनिंगच्या यंत्राचा अवजड पंखा काटेरी तारेने बांधलेला होता.

तिथल्या शेरीफला प्रेत लगेच पुरून टाकायचे होते. (हाथरसमध्ये २०२० साली पोलिसांनी रातोरात चिता पेटवली, ती घाई याच जातीची!) मॅमी यांनी हट्टाने प्रेत शिकागोला आणवले. पेटी उघडायची नाही, अशी अट होती. त्यांनी ती उघडायला लावली, मुलाला ओळखले आणि अंत्यविधीलाही पेटी उघडीच ठेवली. हजारो लोकांनी ते छिन्नविच्छिन्न तोंड पाहिले. जेट या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने छायाचित्र छापले. शासन पुरावा पुरायला निघाले होते. आईने तो देशासमोर मांडला.

त्याच आठवड्यात त्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तार करून न्याय मागितला. उत्तर आले नाही. केंद्रीय तपास यंत्रणेने आपला अधिकार पोहोचत नाही असे सांगून हात झटकले.

खटला मिसिसिपीतच चालला. ज्युरीत बाराही गोरे पुरुष. हे प्रेत एमेटचे नव्हेच, असा बचाव झाला. आई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगते की हा माझा मुलगा, आणि तिच्या शब्दाला किंमत नाही! तासाभरात दोघे निर्दोष सुटले. १९५६ च्या जानेवारीत त्यांनीच एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा भरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मॅमी पुढे पदवी घेऊन शिक्षिका झाल्या. शिकागोच्या शाळांत मुलांना शिकवले, गावोगाव भाषणे दिली, फेरतपासाची मागणी सोडली नाही. ६ जानेवारी २००३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सरकारने तपास पुन्हा सुरू केला! २००५ मध्ये प्रेत उकरून डीएनए चाचणी केली. प्रेत एमेटचेच निघाले. आईने पन्नास वर्षांपूर्वी शपथेवर सांगितलेले शासनाला तेव्हा पटले. तोवर दोन्ही मारेकरी आपापल्या मरणाने मेले होते. २००७ मध्ये ज्युरीने नवा खटला भरायला नकार दिला. पुन्हा उघडलेली फाईल न्याय खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली. शिक्षा एकालाही झाली नाही.